तालुक्याच्या बातमीदाराने क्राइमची बातमी पाठवायच्या आधी काय काय बघायचं

नवीन पोरं-पोरी रिपोर्टिंगला आली की त्यांना वाटतं वकिलाची नोटीस म्हणजे मोठा घोटाळा बाहेर काढला, कुणा पुढाऱ्याची जमीन उकरली की येते. माझा अनुभव उलटा आहे. मोठी बातमी असली की सगळेच सावध असतात, संपादक दोनदा वाचतो, कंपनीच्या वकिलाला दाखवली जाते. आपण फसतो ते रात्री साडेनऊला पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या प्रेसनोटमध्ये, तिचे चार शब्द इकडचे तिकडे करून जेवता जेवता डेस्कला फॉरवर्ड करतो ना त्या दीडशे शब्दांच्या बातमीत. म्हणून हे सगळं त्या दीडशे शब्दांसाठी लिहितोय. मी वकील नाही, कोर्टाच्या पायऱ्या बातमीसाठी चढलो तेवढ्याच स्वतःसाठीही चढलोय एवढीच माझी पात्रता, त्यामुळे प्रत्यक्ष नोटीस आली तर वकीलच गाठायचा.

आधी नावाचं बघू. माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात विहिरीवरच्या मोटारी चोरणारे तिघं पकडले, मी बातमी केली, जागा कमी होती म्हणून एकाच्या नावातलं वडिलांचं नाव उडवलं, वयही उडवलं, नुसतं नाव-आडनाव आणि गाव ठेवलं. त्याच गावात त्याच नाव-आडनावाचा दुसरा माणूस होता, पतसंस्थेचा पिग्मी एजंट. सकाळी टपरीवर लोक त्याला म्हणाले, काय रे आता मोटारी पण का, तेव्हा तोही हसला. मग दोन-तीन दुकानदार म्हणाले या महिन्याचं राहू दे. चार दिवसांनी माणूस घरी आला, खिशातून घडी घातलेला पेपर काढून समोर ठेवला, आवाजसुद्धा चढवला नाही. आम्ही खुलासा छापला, आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या खाली, चार ओळी. तो फोनवर म्हणाला बातमी सगळ्यांनी वाचली साहेब, खुलासा मी एकट्यानेच वाचला. तेव्हापासून नाव छापायचं तर पूर्ण छापायचं, वडिलांच्या नावासकट, वय आणि वस्ती किंवा गल्लीसकट, आणि एवढी जागा नसेल तर नावच घ्यायचं नाही.

आणि नाव प्रेसनोटवरून नाही, एफआयआरवरून घ्यायचं. प्रेसनोट हवालदार मोबाईलवर टाइप करतो, त्यात चुका असतात, फिर्यादीचं नाव आरोपीच्या जागी आलेलं मी स्वतः पाहिलंय. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका म्हणून सांगितलंय, संवेदनशील गुन्हे सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर त्या बघता येतात. नसेल टाकली तर ठाणे अंमलदाराला फोन करून नाव अक्षरन् अक्षर वाचून घ्या, त्याला कंटाळा येतो, येऊ दे.

फोटोचं तर विचारूच नका. २००८ मध्ये एका इंग्रजी न्यूज चॅनलने प्रॉव्हिडंट फंड घोटाळ्याच्या बातमीत कलकत्ता हायकोर्टाच्या न्यायमूर्तींच्या जागी चुकून न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला, जेमतेम १५ सेकंद. सावंत सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, वर प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष, म्हणजे चुकायचंच तर माणूस कोण निवडला बघा. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने १०० कोटींची भरपाई द्यायला सांगितली, अपिलात गेल्यावर हायकोर्टाने २० कोटी भरा आणि ८० कोटींची बँक गॅरंटी द्या म्हटलं, सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. त्यामुळे फेसबुकवर नाव सर्च करून जो पहिला चेहरा दिसेल तो उचलायचा हा धंदा बंद करा. फोटो कुणी दिला आणि तो त्याच माणसाचा आहे हे कुणी सांगितलं, हे दोन्ही डायरीत लिहा.

आता शब्द. "चोरट्याला बेड्या", "नराधम गजाआड", "सराईताने गुन्ह्याची कबुली दिली". हे आपण इतक्या वर्षांत इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप टाइप करतो. पण कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत तो माणूस चोरटा नाही. एफआयआरमध्ये नाव आलं म्हणजे त्याच्यावर गुन्हा दाखल झालाय, नुसतं ताब्यात घेतलंय म्हणजे चौकशी चाललीय, अटक झाली म्हणजे अटक झाली, जे झालंय तेवढंच लिहा. कबुलीचं तर आणखी आहे, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात चॅनलवाल्यांनी जो तमाशा केला त्यावर मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये मोठा निकाल दिला, त्यात हे स्पष्ट लिहिलंय, की कबुली छापायची आणि ती पुरावा म्हणून चालत नाही हे वाचकाला सांगायचं नाही, हे तपासात ढवळाढवळ केल्यासारखं होतं. त्याच निकालात साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जबाबांची चिरफाड करणं, गुन्ह्याचा सीन पुन्हा उभा करून दाखवणं, आत्महत्या केलेल्या माणसाला कमकुवत मनाचा ठरवणं, हे सगळं टाळायला सांगितलंय. निकाल टीव्हीवाल्यांचा आहे म्हणून आपण पेपरवाले किंवा यूट्यूबवाले सुटलो असं समजू नका.

काही जणांना वाटतं प्रत्येक वाक्यात "कथित" घुसवलं की कवच मिळालं. कथित चोरट्याने कथित दुकानातून कथित मोबाईल. असं लिहून कुणी वाचत नाही आणि कुणी वाचवतही नाही. त्यापेक्षा कुणी सांगितलं ते लिहा, फिर्यादीत म्हटलंय, पोलीस निरीक्षकांनी सांगितलं, दोषारोपपत्रात नमूद आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे चुकलं तर खुलासा काही कामाचा नाही. पोक्सो (म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) आणि बलात्काराच्या बातम्या. नाव छापायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथेच सगळे थांबतात. मी ट्रेनिंगला गेलो की ही कॉपी वाचून दाखवतो, माझी रचलेली आहे पण अशी रोज येते:

"अमुक गावातील जिल्हा परिषद शाळेत सातवीत शिकणाऱ्या १२ वर्षीय मुलीवर अत्याचार केल्याप्रकरणी तिच्या सख्ख्या चुलत्याला अटक करण्यात आली. मुलीचे वडील गावात पिठाची गिरणी चालवतात, तर आई आशा सेविका आहे."

आणि खाली आरोपीचं पूर्ण नाव. आता सांगा, नाव कुठे छापलंय? कुठेच नाही. पण दीड हजार वस्तीच्या गावात गिरणी एक, आशाताई एक, आणि चुलत्याचं आडनाव तेच मुलीचं आडनाव. बातमी छापून यायच्या आधी कुणाला माहीत नसेल त्यालाही आता कळलं. पोक्सोच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार आणि ओळख उघड होईल असं इतर काहीही छापायला बंदी आहे, शिक्षा किमान सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि प्रकाशक-मालकही जबाबदार धरले जातात. प्रौढ महिलेच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, जुन्या आयपीसीचं २२८ अ, तिथे दोन वर्षांपर्यंत कैद. जम्मूतल्या कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात लहान मुलीची ओळख उघड केली म्हणून २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने भल्याभल्या माध्यमसमूहांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पीडिता मृत असली तरी ओळख उघड करायची नाही, आडवळणानेही नाही. म्हणजे "आई-वडील स्वतःच म्हणाले नाव छापा, मोर्च्यात बॅनरवर नाव आहे" ही सबब चालत नाही.

मग लिहायचं कसं? एक एक गोष्ट काढत जा आणि प्रत्येक वेळी विचारा की त्या गावातला किराणा दुकानदार एवढ्यावरून ओळखेल का. मी असं लिहीन:

"तालुक्यातील एका गावात अल्पवयीन मुलीवरील अत्याचारप्रकरणी एकाविरुद्ध पोक्सो कायद्यान्वये गुन्हा दाखल झाला असून त्याला अटक करण्यात आली आहे. न्यायालयाने त्याला पोलीस कोठडी सुनावली."

नातं गेलं, शाळा गेली, गाव गेलं, आरोपी नात्यातला आहे म्हणून त्याचंही नाव गेलं. आरोपी पूर्ण परका असेल, दुसऱ्या गावचा असेल, तर नाव द्यायला हरकत नसते, पण नातं आणि नाव दोन्ही एकत्र कधीच नाही. यूट्यूबवाल्यांसाठी वेगळं सांगतो, घरासमोर उभं राहून पीटूसी करायचं, म्हणजे कॅमेऱ्यात बघून बोलायचं, आणि पाटी ब्लर करायची, याला काही अर्थ नाही, गावातल्या माणसाला दारातला कडुनिंब पुरतो. आजीचा चेहरा झाकून आवाज तसाच ठेवलेला व्हिडिओ तर मी बघितलाय.

डेस्कवरून फोन येतो, अरे यात बातमी काय राहिली, कोरडी झाली. मला विचाराल तर खरी बातमी इथून पुढे सुरू होते आणि ती कुणी करत नाही. पोक्सोमध्ये लिहिलंय की मुलीचा जबाब शक्यतो तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. घेतला का? तक्रार घ्यायला किती तास बसवून ठेवलं? कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवायचा असं कायदा म्हणतो, आपल्या जिल्ह्याच्या विशेष कोर्टात किती खटले त्याच्या पलीकडे गेलेत? यात कुणाची ओळख उघड होत नाही, उलट ठाण्यातला माणूस पुढच्या वेळी नीट वागतो.

आरोपीच अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४. पोलीस प्रेसनोटमध्ये "विधिसंघर्षग्रस्त बालक" असा जड शब्द असतो, तो दिसला की नाव, शाळा, फोटो सगळं बंद, मोटारसायकल चोरी असो नाहीतर खून. इथेही आडवळणाचा प्रश्न येतो. मे २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे कार अपघात प्रकरणात अल्पवयीन मुलाचं नाव बहुतेकांनी छापलं नाही पण घरातल्या मोठ्यांची नावं फोटोसकट सगळीकडे होती, कारण तेही वेगवेगळ्या गुन्ह्यांत आरोपी झाले होते, ती बातमी लपवणार कशी. याला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. मी असतो तर मोठ्यांच्या बातमीत मोठ्यांचंच नाव ठेवलं असतं आणि मुलाशी नातं मथळ्यात घेतलं नसतं, इतकंच.

दंगल, हाणामारीत "दोन गटांत" लिहायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ती पाळा. जात-धर्म मथळ्यात टाकून काय होतं ते बघायला बाहेर गर्दी जमलेली असते आणि वरून गटांत तेढ वाढवण्याबद्दलचं न्याय संहितेचं कलम १९६ आहेच. पण ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात जात हाच गुन्ह्याचा गाभा असतो, तिथे "दोन गट" लिहिणं म्हणजे बातमी मारणं.

कोर्टाच्या बातम्यांत सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे जामीन आणि निर्दोष सुटका यांची खिचडी. "कोर्टाकडून दिलासा" असं हेडिंग करायचं आणि आत काय झालं ते स्वतःलाच नीट माहीत नाही. दुसरी चूक, न्यायाधीश सुनावणीत तोंडी बोलले ते "कोर्टाने ठरवलं" म्हणून छापणं. वकील बाहेर येऊन सांगतो तो त्याच्या पक्षकाराचा निकाल असतो, ऑर्डर ई-कोर्ट्सच्या साइटवर येते ती वाचा, मिळाली नसेल तर "सुनावणीदरम्यान" एवढंच लिहा. निकालावर टीका करायला बंदी नाही, अवमान कायद्यातच न्याय्य टीका आणि प्रामाणिक वृत्तांकन सोडलेलं आहे. न्यायाधीशाच्या हेतूवर शंका घेणं वेगळं, तिथे सहा महिने आणि दोन हजार रुपये आहेत. इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआडची सुनावणी असेल तर दाराबाहेर थांबायचं आणि आतलं काहीही लिहायचं नाही.

बदनामीचं थोडक्यात सांगतो. आता ते न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा नवीन म्हणजे समाजसेवा. पोलीस थेट गुन्हा घेत नाहीत, ज्याची बदनामी झाली त्याने मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार करायची असते. पण लक्षात ठेवायची गोष्ट ही, की फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, खरं असावं लागतं आणि छापणं लोकहिताचं असावं लागतं. सरपंचाने ग्रामनिधी खाल्ला, कागद आहेत, लोकहित आहे. सरपंचाची बायको माहेरी गेली, खरं आहे, पण लोकहित कुठलं?

आणि कागद आहेत म्हणताना कागद खरे आहेत का ते बघा. १८८२ साली टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली ती राजद्रोहाची नव्हती, बदनामीची होती. कोल्हापूरचे कारभारी बर्वे हे तिथल्या महाराजांचा छळ करतात असं दाखवणारी पत्रं त्यांच्या हाती आली, केसरी-मराठात मजकूर आला, आणि कोर्टात पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू चांगला होता यात कुणाला शंका नव्हती. आज तुम्हाला व्हॉट्सॲपवर कुणी सहीशिक्क्याचं पत्र पाठवलं तर आवक-जावक नंबर घेऊन त्या ऑफिसात जा, किंवा माहिती अधिकारात मागा, आणि हे पत्र बाहेर आल्याने फायदा कुणाचा होतोय हे आधी स्वतःला विचारा.

दुसरी बाजू घेणं म्हणजे रात्री पावणेदहाला एक मिस्ड कॉल देऊन "संपर्क होऊ शकला नाही" लिहिणं नव्हे. दुपारी मेसेज करा, त्यात नेमके प्रश्न लिहा, तीनच लिहा पण मुद्द्याचे, आणि किती वाजेपर्यंत उत्तर हवंय ते लिहा. निळी टिक आली, उत्तर नाही आलं, तर तेच बातमीत लिहा. उत्तर आलं तर शेवटच्या ओळीत कोंबू नका, आरोपाच्या जवळ घ्या, नाहीतर पान लावताना उपसंपादक पहिली कात्री तिथेच मारतो.

सोर्सला शब्द देताना जपून द्या. मी कोर्टात पण नाव सांगणार नाही असं आपण छातीठोक बोलतो, पण कायद्यात ते संरक्षण फक्त प्रेस कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं आहे, कोर्ट विचारू शकतं. म्हणून शब्द द्यायच्या आधी संपादकाला विचारा, आणि दिला तर पाळा, त्याचा नंबर फोनमध्ये खऱ्या नावाने सेव्ह करू नका.

जाहिरातीचं मात्र टाळता येत नाही म्हणून बोलतो. तालुक्यात बातमीदारच जाहिरात आणतो, दिवाळी पुरवणी, वाढदिवस, कमिशनवर घर चालतं, यावर शहाणपण शिकवणारे बहुतेक जण पगारी असतात. मी एवढंच पाळलं, ज्याच्याविरुद्ध बातमी हातात आहे त्याच्याकडे त्या महिन्यात जाहिरात मागायला जायचं नाही. कारण गेलात की ती खंडणी दिसते, आणि दिसते म्हणजे तशी फिर्यादही होऊ शकते. पत्रकार परिषदेतलं पाकीट तिथल्या तिथे सगळ्यांसमोर परत करायचं, मागाहून नाही.

नोटीस आलीच तर काय. ती सात दिवसांत माफी आणि अमुक कोटी अशीच असते, आकडा बघून झोप उडवू नका. समोरच्याला किंवा त्याच्या वकिलाला फोन करून भांडायचं नाही आणि गोडही बोलायचं नाही, तो रेकॉर्ड करतोय असं धरून चाला. त्याच दिवशी नोटिशीचा फोटो संपादकाला. पोर्टलवरची बातमी घाबरून गुपचूप उडवू नका, स्क्रीनशॉट त्याच्याकडे असतोच, वर तुम्ही पुरावा नष्ट केल्यासारखं होतं. चूक असेल तर दुरुस्ती करा, वर तारीख टाकून काय बदललं ते लिहा, आणि यूट्यूबचं थंबनेल विसरू नका, निम्म्या नोटिसा थंबनेलवरच्या लाल अक्षरांमुळे येतात. खुलासा छापायचा तर मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर मागा. डेस्क देत नाही, भांडा. अंकाच्या तळाशी "जबाबदारी संपादकांची" अशी ओळ असते म्हणून आपण मोकळे असंही नाही, तक्रारीत बातमीदाराचं नाव बहुतेक वेळा असतंच.

डायऱ्या, प्रश्नांचे मेसेज, फोटो, मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा. बदनामीच्या दिवाणी दाव्याला एक वर्ष मुदत आहे, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं, म्हणजे तीन वर्षांपूर्वीची बातमीसुद्धा उठून येऊ शकते. मोबाईल बदलताना जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हातात असला की वकिलाचं काम सोपं होतं. माझ्याकडे कपाटात चार बंद पडलेले फोन आणि बुटाच्या दोन खोक्यांत डायऱ्या आहेत, बायको दर दिवाळीला भंगारवाल्याचं नाव काढते, मी खोकी माळ्यावर आणखी आत सरकवतो.